पावलाचे माप

सायकलीचे पायडल तळहाताएवढे असते. माणसाचे शरीर सायकलीला तीनच जागी टेकते, हँडलला, सीटला आणि पायडलला, आणि त्यांतले चाक फिरवणारे बळ जाते ते पायातून. म्हणजे पायडल निवडणे हे क्षुल्लक काम नाही, आणि आज दुकानात गेले तर ते सोपेही राहिलेले नाही. काळ्या प्लास्टिकचे, तीन-चारशे रुपयांत मिळणारे पायडल आहे. नायलॉनचे, रुंद, लोखंडी पिना बसवलेले आहे. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेले, टायटॅनियमच्या एक्सलचे आहे. आणि ज्यात बूट खटकन अडकतो ते क्लिपलेस आहे, त्याच्यासाठी वेगळे बूट आणि तळव्याला लावायच्या क्लीट घ्याव्या लागतात. बेताच्या कमाईच्या, रोज दहा-पंधरा किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाने यातले काय घ्यावे? हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो; मला तो धर्माचाही वाटतो. आपल्या परंपरेत ज्याला अपरिग्रह म्हणतात त्याच्याशी तो थेट जोडलेला आहे. संन्याशासाठी अपरिग्रहाचे आचरण कठीण असेल, पण त्याला मिळणारी आज्ञा तरी स्पष्ट आहे, सोडून दे. गृहस्थाला वस्तू लागतातच. त्याने ‘पुरे’ नेमके कुठे म्हणायचे, याचे उत्तर नुसत्या आज्ञेत सापडत नाही. मोठ्या शब्दांत हा प्रश्न विरघळून जातो, एखाद्या लहान, रोजच्या वस्तूवर घासून पाहिला तर त्याला धार येते.

एपिक्टेटस हा रोमन साम्राज्यातला तत्त्वज्ञ गुलाम म्हणून वाढला आणि पायाने अधू होता असे जुने लेखक सांगतात. त्याच्या शिष्याने, एरियनने, त्याच्या शिकवणुकीचे जे छोटे पुस्तक तयार केले, त्याच्या 39व्या परिच्छेदात या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत नेमके उत्तर आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा, की ज्याच्या-त्याच्या मालमत्तेचे माप ज्याचे-त्याचे शरीर आहे, जसे वहाणेचे माप पाऊल. पावलापाशी थांबलात तर माप राहते. पाऊल ओलांडलेत की पुढे सोन्याचा मुलामा, मग जांभळा रंग, मग कशिदा, आणि एकदा माप सुटले की थांबायला जागाच नाही. यात त्याने श्रीमंतीला शिव्या दिलेल्या नाहीत आणि गरिबीचे गोडवे गायलेले नाहीत. त्याने एक निरीक्षण नोंदवले आहे, की ‘पुरे’ हा शब्द वस्तूकडे पाहून कधीच उच्चारता येत नाही, कारण प्रत्येक वस्तूच्या वर आणखी एक वस्तू असते. तो उच्चारता येतो फक्त वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे पाहून. आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो तेव्हा माप अंथरुणाचे असते, म्हणजे ऐपतीचे. एपिक्टेटस उलटीकडून येतो. ऐपत कितीही असो, अंथरूण पायापेक्षा किती लांब हवे, असे तो विचारतो. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण पहिला पगार वाढला की बदलतो आणि दुसरा बदलत नाही. अपरिग्रहाचा संबंध दुसऱ्याशी आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की गृहस्थाचा अपरिग्रह म्हणजे कमी वस्तू किंवा स्वस्त वस्तू नव्हे. वापर काय मागतो ते आधी नीट जाणून घेणे आणि तिथे थांबणे, हे त्याचे स्वरूप आहे. जाणणे हा त्यातला मोठा भाग आहे. न जाणता केलेली काटकसर हे व्रत ठरत नाही, तो नुसता अंदाज असतो.

आता पहिला आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. पाऊल काय मागते हे इतके साधे कुठे आहे? बांधलेला पाय पायडल खाली दाबतो तसे वर ओढूही शकतो. मोकळा पाय फक्त दाबतो, अर्धा फेरा वाया जातो. मग क्लिपलेस ही चैन कशी, ती तर पावलाचीच गरज झाली. सायकलीच्या दुनियेत ही गोष्ट अनेक वर्षे जवळजवळ सिद्धांतासारखी सांगितली गेली. लुक या फ्रेंच कंपनीने 1984 साली स्कीच्या बांधणीवरून बेतलेले पायडल आणले, पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली, 1990 साली शिमानोने डोंगरी सायकलींसाठी आपली एसपीडी पद्धत आणली, आणि हळूहळू हौशी माणसालाही वाटू लागले की मोकळ्या पायाने चालवणे ही नवशिकेपणाची खूण आहे. पण मोजून पाहिले तेव्हा चित्र वेगळे निघाले. कॉर्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2007 साली सायकलपटूंना वेगवेगळ्या पद्धतींनी पायडल मारायला लावले. नेहमीसारखे, गोलाकार बळ देत, मुद्दाम वर ओढत, नुसते खाली दाबत. वर ओढल्याने बळाची दिशा कागदावर सुधारली, पण तेवढेच काम करायला शरीराला जास्त ऊर्जा जाळावी लागली. 2008 साली मोर्निओ आणि सहकाऱ्यांनी पायडलचे प्रकारच बदलून पाहिले, आणि नुसत्या प्रकारामुळे फरक पडल्याचे दिसले नाही. 2016 साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी साधे धावण्याचे बूट आणि सपाट पायडल यांची तुलना क्लिपलेसशी केली, स्थिर गतीच्या सायकलिंगमध्ये ऊर्जेच्या खर्चात फरक आढळला नाही. कारण समजायला अवघड नाही. मांडी आणि कुल्ले यांचे मोठे स्नायू खाली दाबण्यासाठी घडले आहेत. एक पाय खाली येतो तेव्हाच दुसरा क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, बसून वर जातो. त्याला उचलायला वेगळे कोणी लागत नाही.

या अभ्यासांतली माणसे थोडी होती, आणि प्रयोग प्रयोगशाळेतल्या स्थिर भाराचे होते, हे विसरू नये. शर्यतीच्या शेवटच्या दोनशे मीटरला सीटवरून उठून जिवाच्या आकांताने पायडल मारणाऱ्याचा पाय निसटला तर तो पडेल, ट्रॅकवर पायडल थांबवण्याची सोय नसलेल्या सायकलीवर मिनिटाला शंभराहून अधिक फेरे मारणाऱ्याला पाय जागेवर राहणे ही सुरक्षेची गोष्ट आहे. त्यांचे पाऊल जे मागते ते त्यांना मिळावे, त्यात परिग्रह नाही. पण माप प्रत्येकाचे स्वतःचे असते म्हणून तर दुसऱ्याच्या पायातला बूट आपल्याला लागत नाही. आणि स्पर्धेच्या शिखरावरही बांधलेला पाय सर्वांसाठी अटळ नाही. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने सपाट पायडलवर डाउनहिलची विश्वविजेतेपदे मिळवली आणि 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षे एंड्युरो वर्ल्ड सिरीजही सपाट पायडलवरच जिंकली. जगातल्या उत्तम स्वारांपैकी एकाला खडकाळ उतारावर जे पुरले, ते शाळेत मुलांना सोडून पुढे कचेरीत जाणाऱ्याला का पुरू नये? पायडलवर चप्पल ठेवून आपल्याकडची दूध, पेपर आणि डबे पोचवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या शहरे चालवत आली आहेत. सिग्नलला पाय खाली टेकायचा, उतरून दोन जिने चढायचे, पुन्हा बसायचे, यासाठी मोकळे पाऊलच लागते.

मग सर्वांत स्वस्त तेच घ्यावे काय? इथे माझ्या बाजूने बोलणारे पुष्कळ जण घसरतात, आणि शब्दशः घसरतात. पावसाळ्यात गुळगुळीत प्लास्टिकच्या पायडलवरून पाय निसटला की नडगी सोलते, भर रहदारीत निसटला तर त्याहून वाईट होते. पावलाला माप मानायचे तर पाऊल जे मागते ते द्यायलाही हवे. ते मागते एक पुरेशी रुंद जागा, साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद, म्हणजे चवड्यापासून तळव्याच्या मध्यापर्यंत भार पसरतो आणि पातळ तळव्याच्या चपलेतही पाय दुखत नाही. ते मागते पकड. रोज साध्या रस्त्यावर चालवणाऱ्याला दातेरी कडा किंवा ठसठशीत बुटके उंचवटे पुरतात, घाटात किंवा मातीत जाणाऱ्याला पिना हव्यात, आणि त्या पाना लावून काढता-बसवता येणाऱ्या हव्यात, म्हणजे एखादी तुटली की पायडल टाकावे लागत नाही. ते मागते न वाकणारा पोलादी एक्सल, शक्यतो क्रोमोली या मजबूत पोलादाचा, कारण वाकलेला एक्सल पाऊल प्रत्येक फेऱ्यात किंचित तिरपे करतो आणि त्याची भरपाई गुडघा करतो. आणि ते मागते उघडता येणारे बेअरिंग. छर्रे, कप आणि कोन असलेले जुने बांधकाम गल्लीतला कारागीर अर्ध्या तासात धुऊन, ग्रीस भरून, नीट आवळून देतो. अगदी स्वस्त पायडलमध्ये बऱ्याचदा ग्रीस नावालाच असते, टोपण दाबून बसवलेले असते आणि एकदा ते करकरू लागले की फेकण्यावाचून इलाज नसतो. या सगळ्या मागण्या पुऱ्या करणारे नायलॉनचे पायडल, पोलादी एक्सलचे आणि बदलता येणाऱ्या पिनांचे, महागड्या ॲल्युमिनियमच्या जोडीच्या निम्म्या ते एक-तृतीयांश किमतीत मिळते. त्याहून जे जास्त पैसे जातात ते मुख्यतः वजन घटवण्यासाठी. जोडीमागे शंभर ग्रॅम वाचले असे धरा. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो असतील तर हा वाटा एका टक्क्याच्या आठव्या भागाइतका आहे. पाण्याच्या बाटलीतले चार घोट पिऊन टाकले तरी तेवढे वजन उतरते. पाऊल हा फरक ओळखत नाही. ओळखते ते वजनकाट्यावरचा आकडा वाचणारे मन.

पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातल्या 30व्या सूत्रावर व्यासभाष्य आहे, त्यात अपरिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंच्या ठायी पाच दोष दाखवले आहेत. वस्तू मिळवण्याचा, राखण्याचा, ती झिजण्याचा, तिच्यात गुंतण्याचा आणि तिच्यापायी होणाऱ्या हिंसेचा. हे पाच दोष योग्याने पाहावेत आणि वस्तू स्वीकारू नये, असा भाष्याचा रोख. गृहस्थाला ते स्वीकार नाकारण्यासाठी वापरता येणार नाहीत, पण दोन वस्तूंमध्ये निवड करताना ते अतिशय कामाचे आहेत, कारण त्यांच्याकडे पाहिले की किंमत या एका आकड्यामागे लपलेले बाकीचे देणे दिसू लागते. मिळवण्याचा दोष किमतीच्या पट्टीवर लिहिलेला असतो. राखण्याचा नसतो. क्लिपलेस पायडल घेतले की बूट येतात, बुटांना क्लीट येतात, चालताना क्लीट झिजतात म्हणून त्या पुन्हा घ्याव्या लागतात, आणि एका कंपनीच्या क्लीट बहुधा दुसऱ्या कंपनीच्या पायडलमध्ये बसत नाहीत म्हणून पहिल्या निवडीशी माणूस बांधला जातो. पाय बांधला जातो तो नंतर, आधी खिसा बांधला जातो. चकचकीत, महाग पायडल स्टेशनबाहेर कुलपात ठेवलेल्या सायकलीवर असेल तर मन दिवसभर तिथेच राहते. नायलॉनचे पायडल चोराला मोहवत नाही, आणि खडकावर घासले तरी मालकाच्या पोटात कालवत नाही. हिंसेचा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो स्वस्त आणि महाग दोन्ही टोकांना लागतो. दर वर्षी फेकले जाणारे प्लास्टिकचे पायडल आणि गरज नसता खाणीतून काढून, वितळवून, निम्म्याहून अधिक धातू कापून टाकत घडवलेले पायडल, दोन्हींची किंमत कोणीतरी दुसरेच भरते.

यावर कोणी म्हणेल की मग सौंदर्याला, कारागिरीला जागाच उरली नाही. जपानच्या मिकाशिमा कारखान्यातले, आरशासारखे चकाकणारे, बोटाने फिरवले की कितीतरी वेळ निःशब्द फिरत राहणारे पायडल ज्याने पाहिले असेल त्याला हा आक्षेप मनापासून पटेल. मलाही पटतो. उत्तम घडवलेल्या वस्तूविषयी आदर वाटणे हा दोष मानणारा धर्म मला नको आहे. इथे जैन आचार्य उमास्वाती मदतीला येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्यांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवर केलीच नाही, मूर्च्छेवर केली. मूर्च्छा म्हणजे वस्तूपायी आलेली बेभानता, ‘माझे’पणाची गुंगी. ही व्याख्या कोणत्याही किमतीच्या यादीपेक्षा कडक आहे आणि उदारही आहे. ती सांगते की तीस वर्षे निगुतीने ग्रीस भरत वापरलेली एक सुंदर जोडी परिग्रह नसेलही, आणि कपाटात पडून असलेल्या चार स्वस्त जोड्या असतील. मात्र ही उदारता फसवीही ठरू शकते. ‘मला आसक्ती नाही’ असे म्हणत माणूस काहीही घेऊ शकतो, कारण मूर्च्छेचे लक्षणच असे की ज्याला ती आली त्याला ती कळत नाही. शुद्ध अंतःकरणाच्या भरवशावर व्रत चालत नाही हे जैन परंपरेने नीट ओळखले होते, म्हणून गृहस्थाच्या पाच अणुव्रतांत पाचवे परिग्रह-परिमाणाचे आहे. श्रावकाने आपल्या मालमत्तेची मर्यादा स्वतःच ठरवायची, पण ती आधी ठरवायची. वस्तू समोर येण्याआधी, मन मोहात पडण्याआधी. पायडलच्या बाबतीत याचा अर्थ इतका साधा आहे की तो हास्यास्पद वाटू नये म्हणून सावकाश सांगतो. दुकानात शिरण्याआधी, किंवा मोबाइलवर चित्रे पाहण्याआधी, कागदावर लिहावे की मी कुठे चालवतो, पायात काय घालतो, पावसात चालवतो का, दुरुस्ती कोण करतो. त्यावरून रुंदी, पकड, एक्सल आणि बेअरिंग ठरते, आणि त्यांची किंमत ठरते. सुंदर वस्तू त्या मर्यादेत बसली तर आनंदाने घ्यावी. मर्यादा तिच्यासाठी सरकवायची नाही.

एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो, आणि त्याला पूर्ण उत्तर आहे असा माझा दावा नाही. आपल्या देशात कोट्यवधी माणसे सायकल चालवतात ती दुसरे वाहन परवडत नाही म्हणून. त्यांच्या पायडलचे रबर झिजून नुसती सळी उरलेली असते. त्यांना ‘पुरे’चे तत्त्वज्ञान सांगणे ही क्रूरता आहे. हे खरे आहे. ज्याला निवडच नाही त्याचे दारिद्र्य म्हणजे अपरिग्रह नव्हे. व्रताला आधी स्वातंत्र्य लागते. पण पावलाचे माप मानले तर ते दोन्ही दिशांनी बोलते. ते जसे सांगते की याच्यापुढे नको, तसेच सांगते की याच्याखाली चालणार नाही. सळीवर टेकलेल्या पावलाला रुंद, न घसरणारे पायडल मिळालेच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. 1930 साली गांधीजी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते, तिथून दर मंगळवारी आश्रमाला व्रतांविषयी पत्रे लिहीत. अस्तेयाविषयी लिहिताना त्यांनी चोरीची कल्पना फार पुढे नेली. जे आपल्याला लागत नाही ते परवानगीने घेतले तरी ती चोरी, अशा अर्थाचे ते लिहितात. ऐकायला हे टोकाचे वाटते. पण माझ्या जादा शंभर ग्रॅमच्या हौसेसाठी जे धातू, कष्ट आणि पैसे खर्ची पडतात ते कुठून तरी कमी होतात, आणि सळीवरचे पाऊल त्या ‘कुठून तरी’मध्ये येते. मी घेतलेले पायडल थेट त्याच्या सायकलीवरून काढलेले नसते हे मला ठाऊक आहे, आणि मी एकट्याने हात आखडल्याने त्याच्या पायाखाली काही येत नाही हेही. तरीही ज्याने स्वतःचे माप कधी घेतलेच नाही, त्याला दुसऱ्याच्या पावलाला काय कमी पडते हे दिसणार तरी कसे?

पायडलच्या घडणीतच या विचाराला अनुकूल अशी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक मोठ्या सायकलींच्या क्रँकला पायडल जोडणारे आटे एकाच मापाचे असतात, 9/16 इंची. लहान मुलांच्या आणि काही साध्या सायकलींच्या अखंड क्रँकला 1/2 इंची असतात, एवढाच अपवाद लक्षात ठेवावा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, कारण पायाचा दाब एक्सलभोवती सतत फिरत राहतो आणि त्या फिरत्या दाबाने एक्सल सावकाश उलट दिशेला सरकतो. सरळ आटे असते तर डावे पायडल चालता चालता निखळले असते. हे माप पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे आणि ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. म्हणून सपाट पायडलची एखादी जोडी एका सायकलीवरून दुसऱ्या सायकलीवर, एका माणसाकडून दुसऱ्याकडे बिनदिक्कत जाऊ शकते. नवी जोडी बसवताना आट्यांना ग्रीस लावावे, 15 मिलिमीटरच्या पान्याने किंवा ॲलन कीने आवळावे, आणि काढलेली जुनी जोडी खणात ठेवू नये. तिचे छर्रे धड असतील तर गल्लीतल्या सायकलवाल्याकडे देऊन यावे. त्याच्याकडे सळीवर पाय ठेवून येणारे गिऱ्हाईक त्याला माहीत असते.